नागीण, देवीचा वण आणि शरीराची आठवण

ज्यांना कानात इअरफोन घालून तासभर बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललो तेच लिहिलंय, मधलं अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.

आजचा विषय माझ्या आजीपासून सुरू होतो. आम्ही करमाडचे. संभाजीनगरहून जालना रोडनं निघालात की शेंद्रा एमआयडीसी मागे पडते आणि मग आमचं गाव येतं. गेल्या मार्चमध्ये मी घरूनच काम करत होतो. आजी दोन दिवस म्हणत होती, "उजव्या बरगडीखाली आग होतीय रे, कुणी निखारा ठेवल्यासारखी." आम्हाला वाटलं पित्त असेल. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पाण्यानं भरलेले बारीक फोड आले. एका पट्ट्यात, फक्त उजव्या बाजूला.

शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि लगेच सांगितलं, "नागीण आहे ही. तोंडाला तोंड लागायच्या आत उतरवून घ्या, नाहीतर माणूस जातं."

मग गेरूचा लेप झाला. दूर्वा वाटून तांदळाच्या पिठात कालवून लावल्या. जवळच्या गावातले एक बाबा येऊन मंत्र म्हणून गेले. मी बीटेक झालेला, दिवसभर लॅपटॉपवर लोकांचे बग शोधणारा माणूस, आणि मीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर मलाही त्या "तोंडाला तोंड"ची भीती वाटली होती. यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आजीला झोपच येईना, तेव्हा तिला शहरात डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फोड पाहिले आणि वेगळाच प्रश्न विचारला. "आजी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"आल्या होत्या की. सात-आठ वर्षांची असेन मी."

"त्याच आहेत ह्या."

आजी आता ७६ वर्षांची आहे. म्हणजे जवळपास सत्तर वर्षांपूर्वी अंगात शिरलेला विषाणू इतकी वर्षं आतच होता. तिची लग्नं-बाळंतपणं झाली, दुष्काळ येऊन गेले, आणि हा पाहुणा काही बाहेर पडला नाही. मग इतकी वर्षं त्याला कोणी थोपवून धरलं? आणि गेल्या मार्चमध्येच तो का सुटला? हे शोधायला बसलो आणि त्यातून हा भाग तयार झाला.

विषाणू गेला, आठवण राहिली

आजीच्या दंडावर एक गोल वण आहे. तुमच्याही आजी-आजोबांच्या हातावर असेल, बघा. जुनी माणसं म्हणतात, "आमच्या देवी काढल्या होत्या." देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. रोगाचं नावच देवीचं, आणि लस टोचण्याला शब्द "देवी काढणं".

ही लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत. १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा फ्रीज नव्हते, त्यामुळे लस प्रवासात खराब व्हायची. ती व्हिएन्नाहून बगदादला, तिथून बसऱ्याला आणि मग जहाजानं मुंबईला आली. बगदादच्या पुढे ती माणसांच्या हातांवरूनच आली. एकाला टोचायची, आठवड्याभरानं त्याच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा. छोट्या ॲनाच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून लस देशभर पसरली.

पुढे पावणेदोनशे वर्षं गेली. भारतातली देवीची शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. देवीचा विषाणू संपला, पण ज्यांना लस टोचली होती त्यांच्या शरीराला तो आठवतो का? २००३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या संशोधकांनी २५ ते ७५ वर्षांपूर्वी लस घेतलेल्या लोकांचं रक्त तपासलं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये आठवण शिल्लक होती.

पण तिचे दोन भाग वेगवेगळे वागत होते. अँटीबॉडी, म्हणजे रक्तात फिरून विषाणूला चिकटणारी प्रथिनं, वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच राहिली होती. टी पेशी, म्हणजे विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिला मारणारे शिपाई, हळूहळू कमी होत होते. साधारण ८ ते १५ वर्षांत ते निम्मे होत होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विषाणू झोपला, पहारा चालू

देवीचा विषाणू शरीराशी लढतो आणि एक बाजू हरते. कांजिण्यांचा विषाणू तसं करत नाही. अंगावरचे फोड सुकले की आपल्याला वाटतं संपलं. पण तो नसांमधून मागे मागे सरकत मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथे तो स्वतःच्या प्रती काढत नाही, त्यामुळे पकडलाही जात नाही. फाइल डिलीट केली तरी ती डिस्कवर कुठेतरी राहते, तसं काहीसं.

कांजिण्या आणि नागीण एकच आहेत, असा पहिला धागा पकडला तो बुडापेस्टमधले मुलांचे डॉक्टर फॉन बोकाय यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या लहान मुलांना कांजिण्या येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १८९२ मध्ये त्यांनी ते मांडलं.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आजीच्या मांडीवर खेळणाऱ्या माझ्या चार वर्षांच्या पुतणीला साधारण दोन आठवड्यांनी कांजिण्या आल्या. घरात सगळे म्हणाले, "उन्हाळा आहे, साथ असेल." आजीच्या फोडातला सत्तर वर्षांचा विषाणू नातवाच्या पोरीला लागला असेल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

पण विषाणू बाहेर कधी पडतो, हा प्रश्न सोडवला एका खेड्यातल्यासारख्याच साध्या फॅमिली डॉक्टरनं. एडगर होप-सिम्पसन, इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर या छोट्या गावातले. त्यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं यायची. १९४७ पासून सोळा वर्षं त्यांनी नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. एकूण १९२ रुग्ण. लॅब नाही, सुपरकॉम्प्युटर नाही, नुसती वही.

१९६५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये वर्षाला हजारी एकालाही नागीण होत नव्हती, तर ऐंशीच्या पुढच्यांमध्ये हजारी दहा जणांना होत होती. पंच्याऐंशीपर्यंत जगणाऱ्या हजार माणसांपैकी निम्म्यांना ती एकदा तरी होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचं म्हणणं असं, की विषाणू आत झोपलेला असतो आणि शरीराची आठवण त्याच्यावर पहारा देते. तो मधूनमधून डोकं वर काढतो आणि दाबला जातो. वयाबरोबर पहारा विरळ होत जातो आणि एक दिवस विषाणू निसटतो. १९८३ मध्ये संशोधकांना मृत माणसांच्या नसांच्या गाठींमध्ये या विषाणूचा डीएनए खरोखर सापडला. वहीतला अंदाज बरोबर निघाला.

हा पहारा मुख्यतः टी पेशींचा असतो. अँटीबॉडी तयारच न होणाऱ्या माणसांना नागीण जास्त होते असं दिसत नाही. टी पेशी कमी झाल्या की मात्र धोका एकदम वाढतो. आता मघाचा आकडा आठवा. टी पेशींची आठवणच आधी विरळ होते. आजीच्या रक्तात कांजिण्यांच्या अँटीबॉडी असतीलही, पण दारावरचे शिपाई कमी पडले.

तोंडाला तोंड का लागत नाही

थोडं थांबून हे सांगतो, कारण गावाकडे या भीतीनंच सगळा गोंधळ होतो.

मणक्यातून नसा जोडीनं निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक नस आपापल्या बाजूचा पट्टा सांभाळते आणि शरीराच्या मधल्या रेषेपाशी थांबते. विषाणू एका गाठीतून जागा झाला की तो त्याच नसेनं त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा एकाच बाजूला असतो आणि मध्यावर येऊन थांबतो. विळखा पूर्ण होत नाही, कारण पलीकडची नसच वेगळी आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच ढासळली आहे, अशा रुग्णांमध्ये फोड अंगभर पसरू शकतात. तो धोका खरा आहे, पण त्याचं कारण ढासळलेला पहारा असतं.

मंत्रानं उतरते असं का वाटतं? कारण फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. श्रेय शेवटच्या लेपाला मिळतं. पण नस दुखावलेली असेल तर फोड गेल्यावरही महिनोन्महिने वेदना राहतात, आणि वय जितकं जास्त तितकी त्याची शक्यता जास्त. या विषाणूवर ॲसायक्लोविरसारखी औषधं आहेत. ती पहिल्या ७२ तासांत सुरू केली तर सर्वात जास्त उपयोग होतो. फोड लवकर सुकतात, त्रास कमी होतो. पुढच्या वेदना टळतीलच अशी हमी कोणी देत नाही. पण ते ७२ तास आम्ही गेरू उगाळण्यात घालवले, हे खरं.

महाराष्ट्राची जुनी जखम

पहारेकऱ्यांनाच मारलं तर काय होतं, हे महाराष्ट्रानं नव्वदच्या दशकात पाहिलं.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. मुंबई आणि नंतर अख्खा महाराष्ट्र देशातल्या सर्वाधिक झळ बसलेल्या भागांमध्ये मोजला जाऊ लागला. १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, जिला सगळे 'नारी' म्हणायचे.

एचआयव्ही नेमका सीडी४ पेशींवर हल्ला करतो. या टी पेशी बाकीच्यांना हुकूम देतात. त्या कमी झाल्या की जुने, झोपलेले विषाणू जागे होतात. पंचविशीतल्या ट्रक ड्रायव्हरला किंवा नुकतंच लग्न झालेल्या मुलीला नागीण होणं, हा डॉक्टरांसाठी इशारा होता. आजही तरुण वयात नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. याचा अर्थ प्रत्येक तरुणाच्या नागिणीमागे एचआयव्ही असतो असा नाही. इतर कारणांनीही ती होते. पण कोणी तपासणी सांगितली तर लाजून टाळू नका, एवढंच.

१ एप्रिल २००४ पासून सरकारनं एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या रुग्णालयांमध्ये मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा सीडी४ खाली घसरल्याशिवाय औषध सुरू होत नसे. २०१७ पासून नियम बदलला. निदान झालं की लगेच औषध. हा बदल का महत्त्वाचा, ते पुढच्या गोष्टीत कळेल.

विषाणू जागाच राहिला तर

आता या भागातला माझा आवडता माणूस. नाव रफी अहमद. जन्म हैदराबादचा, पदवी उस्मानिया विद्यापीठाची. आपल्या लोकांसाठी हे नाव परकं नाही. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत औरंगाबादची कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती.

अहमद अमेरिकेत गेले आणि उंदरांमधल्या एका विषाणूवर काम करू लागले. त्याचं लघुनाव एलसीएमव्ही. १९८४ मध्ये मायकेल ओल्डस्टोन यांच्याबरोबर काम करताना त्यांनी याच विषाणूचा एक प्रकार वेगळा काढला, 'क्लोन १३'. मूळ प्रकार उंदराच्या शरीरातून आठवड्याभरात साफ होतो. क्लोन १३ महिनोन्महिने राहतो. दोघांमध्ये फरक मोजक्याच बदलांचा. सॉफ्टवेअरवाल्यांनो, विचार करा. कोड जवळपास तोच, दोन-चार ओळी वेगळ्या, आणि निकाल उलटा. 'गेलेला विषाणू' आणि 'राहिलेला विषाणू' यांची शेजारी शेजारी तुलना करायला याहून चांगली सोय मिळणं अवघड.

या तुलनेतून दिसलं काय? विषाणू लवकर गेला तर टी पेशी शांत होतात आणि दीर्घकाळ स्मृतिपेशी म्हणून टिकतात. विषाणू गेलाच नाही तर त्या आधी जोरात लढतात आणि मग एकेक काम सोडत जातात. मारणं थांबतं, वाढणं थांबतं. पेशी दिसतात, पण हातात काठी नाही. याला संशोधक पेशींचं 'थकणं' म्हणतात. १९९३ मध्ये झुरिकच्या गटानं आणि १९९८ मध्ये अहमद यांच्या गटानं हे चित्र मांडलं.

२००४ मध्ये अहमद आणि त्यांचे सहकारी जॉन व्हेरी यांनी आणखी एक प्रयोग केला. दोन्ही प्रकारच्या टी पेशी घेऊन, विषाणू अजिबात नसलेल्या उंदरात सोडल्या. खऱ्या स्मृतिपेशी तिथे मजेत टिकल्या. थकलेल्या पेशी मात्र हळूहळू संपल्या. म्हणजे सतत शत्रूसमोर राहिलेल्या त्या पेशींना शत्रूशिवाय जगताच येईना. खरी आठवण ती, जी शत्रू समोर नसतानाही राहते. सतत चालणाऱ्या लढाईत ती तयारच होत नाही.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं. पण २००६ मध्ये याच गटानं दाखवलं, की थकलेल्या पेशींवर 'पीडी-१' नावाचा एक ब्रेक असतो. तो ब्रेक शोधला होता क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं, १९९२ मध्ये. ब्रेक सोडवला की काही पेशी पुन्हा कामाला लागतात. हाच ब्रेक सोडवणारी औषधं आज कर्करोगावर वापरली जातात आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पण ब्रेक सुटला म्हणजे सगळं भरून आलं असं नाही. हेपटायटिस सीचा विषाणू हल्ली औषधानं पूर्ण काढता येतो. तो गेल्यावरही वर्षानुवर्षं लढलेल्या टी पेशी पूर्णपणे पूर्वीसारख्या होत नाहीत, असं दिसलंय. थकव्याचे व्रण पेशींमध्ये राहतात. म्हणून दीर्घकाळ राहणाऱ्या विषाणूंवर औषध लवकर सुरू करण्याचं महत्त्व आहे. फक्त विषाणूला मारायला नाही, पहारेकरी थकण्याआधी त्यांना विसावा द्यायला.

पहारा पुन्हा वाढवता येतो

कांजिण्यांचा विषाणू या दोघांच्या मधला. तो गेलेला नाही आणि सतत जागाही नाही. त्यामुळे त्याच्यावरचे पहारेकरी एचआयव्हीसारखे थकत नाहीत, ते वयानं कमी होतात. म्हणूनच त्यांची संख्या पुन्हा वाढवता येते.

जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांच्या लहान मुलाला कांजिण्या फार जोरात आल्या होत्या. त्या वेळी ताकाहाशी स्वतः विषाणूंवरच काम करत होते. त्या अनुभवातून त्यांनी कांजिण्यांची लस बनवायचं ठरवलं आणि १९७४ मध्ये ती जगासमोर आली. २००५ मध्ये त्याच दुबळ्या केलेल्या विषाणूचा मोठा डोस साठीपुढच्या ३८ हजारांहून जास्त लोकांवर तपासला गेला. नागीण निम्म्यानं कमी झाली. नंतरच्या नव्या लशीत जिवंत विषाणूच नाही, त्याचं एक प्रथिन आहे. ती आणखी प्रभावी ठरली. दोन डोसांची ही लस २०२३ पासून भारतातही पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते. सरकारी लसीकरणात ती नाही आणि ती महाग आहे, हे खरं. पण घरात पन्नाशीपुढची माणसं असतील तर डॉक्टरांना एकदा विचारायला पैसे लागत नाहीत.

माझी आजी बरी आहे. फोड कधीच सुकले. वेदना मात्र अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, ब्लाउजचा काठ घासला तरी ती दचकते. चार दिवस आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगू शकणार नाही. आजीला मात्र याचं काही वाटत नाही. मी हे सगळं तिला समजावलं तेव्हा ती दंडावरच्या वणाला हात लावून म्हणाली, "म्हणजे जी देवी गेली तिची खूण राहिली, आणि ज्या कांजिण्या राहिल्या त्यांची खूणच नाही." मी जे अडीच हजार शब्दांत सांगायला बसलो होतो, ते तिनं एका वाक्यात संपवलं.

तर मंडळी, एक काम करा. आज घरी जाऊन आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का. आणि कोणाच्या अंगावर एकाच बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा आला, तर गेरू शोधण्याआधी गाडीची चावी शोधा. ७२ तास. हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये तेवढाच कामाचा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.